बीटाच्या शेतातली अँटिऑकची नाणी

लिंकन,
३ मार्च २००३

प्रिय हेडली,

पाकीट मिळालं. तू त्याला एवढी चिकटपट्टी गुंडाळतोस की ते उघडायला कात्री, सुरी आणि सकाळची वीस मिनिटं जातात. आणि एवढं करून आत काय, तर सहा नाणी, घासून लख्ख केलेली. मी आता हात टेकले.

एकोणतीस वर्षं मी संग्रहालयाच्या मागच्या खोलीत बसून हेच काम केलं. शेतकरी, पाद्री, पोलीस, तुझ्यासारखे मेटल डिटेक्टर घेऊन शेतं तुडवणारे, सगळे आपापली कळकलेली तांब्याची नाणी माझ्या टेबलावर आणून टाकायचे. त्यांतल्या पोलिसांनासुद्धा एकदा सांगून कळलं. माझ्या सख्ख्या भावाला चार वर्षं सांगतेय. पुन्हा सांगते. तांब्याच्या जुन्या नाण्यावरचा राजाचा चेहरा तांब्यात उरलेला नसतो. तांबं केव्हाच खाल्लं गेलेलं असतं, चेहरा उरतो तो वरच्या हिरव्या-काळ्या कातडीत. ती खरवडलीस की राजा गेला. म्हणून बॅटरीत घालतात ते शुद्ध पाणी घ्यायचं, नाणं त्यात बुडवायचं, आठवड्याने पाणी बदलायचं आणि माती सैल झाली की दात कोरायच्या लाकडी काडीने हळूच काढायची. नाहीच निघाली तर ऑलिव्हच्या तेलात तीन महिने ठेवायचं. यातलं काय कठीण आहे ते मला एकदा लिहून कळव.

सहापैकी चार वाचताच येत नाहीत. पाचवं रोमन आहे, घोड्यावरून पडणारा शत्रू आणि त्याला भोसकणारा शिपाई, बाकी सगळं तुझ्या ब्रशने नेलं. सहाव्यावरही तेच चित्र, पण ते मी तीनदा भिंगाखाली धरलं. शिपायाच्या पायाखालच्या रेघेखाली टांकसाळीची अक्षरं आहेत आणि ती अँटिऑकची आहेत. सीरियाच्या बाजूची. आपल्याकडे सापडतात ती त्या काळची नाणी ट्रियरची, लिओंची, आर्लची, म्हणजे खाडीपलीकडे जवळपासची. अँटिऑकचं मॉर्बीत मी एकही पाहिलेलं नाही. कुठे सापडलं ते नीट लिही. मॉर्बीच्या नकाशाचं तुला ठाऊक आहेच. अठरा वर्षं मी तो भरतेय, एक टिंब म्हणजे एक सापडलेलं नाणं, आणि ऑक्टोबरात तो जिल्ह्याच्या दफ्तरी जाणार. पुढे ज्याला मॉर्बीत रस्ता काढायचा असेल, घरं बांधायची असतील, तो आधी हा नकाशा उघडणार. नाणं झिजलेलं असलं तर मला चालतं. जागा चुकलेली मला चालत नाही.

तब्येतीचं तू कधीच लिहीत नाहीस. जानेवारीतली सर्दी गेली का? आणि माझ्या इमारतीत तळमजल्याचा फ्लॅट अजून रिकामा आहे, त्याचं काय ठरवलंस?

तुझी,
एनिड

*

मॉर्बी फेन,
११ मार्च

प्रिय एनिड,

तुझं पत्र मी उभं राहून वाचलं. बसून वाचायची हिंमत झाली नाही, शाळेची सवय.

मी नाणी घासली नाहीत. जेवणात घेतो त्या आंबट ब्राउन सॉसमध्ये बारा तास ठेवली, मग जुन्या टूथब्रशने जरा हात फिरवला, त्याला घासणं म्हणत नाहीत. तू म्हणतेस तेलात तीन महिने ठेव. मी अडुसष्ट वर्षांचा आहे, बाई. नाणं बाहेर निघेल तेव्हा मी कुठे असेन ते तू सांग, मग ठेवतो.

जागा विचारलीस. गॅदरकोलचं शेत, दुसरं कुठलं? उत्तरेकडे, पंपघराच्या कोपऱ्यात. सोबत आणखी नऊ पाठवतोय, तिथलीच. चिकटपट्टी कमी लावली आहे, पाकीट वाटेत फुटलं तर मला बोलू नकोस.

सर्दी गेली. गुडघा कधी कधी कुरकुरतो, थंडीने. फ्लॅट नको. तुमच्या तिथे खिडकी उघडली की दुसऱ्याची खिडकी. इथे मी उघडतो तर समोर पाच मैल काळी जमीन आणि आभाळ, आणि त्यात कुणीही मला विचारत नाही की काय ठरवलंस. आणि फोन करू नकोस. मला ऐकू येत नाही, तू ओरडतेस, मग शेजारची येऊन विचारते की सगळं ठीक आहे ना. पत्र बरं.

हेडली

*

लिंकन,
२४ मार्च

प्रिय हेडली,

ब्राउन सॉस. बरं.

आता ऐक आणि या वेळी बसून वाच. नऊपैकी पाच पूर्वेची आहेत. दोन अँटिऑक, एक अलेक्झांड्रिया, दोन सिझिकस. आधीचं एक धरलं तर सहा. तुझ्या सॉसने निम्मी अक्षरं खाल्ली आहेत तरी उरलेली मी शपथेवर सांगू शकते. एका शेताच्या एका कोपऱ्यातून पूर्वेची सहा नाणी हा योगायोग असूच शकत नाही. कुणीतरी ती एका पिशवीत घालून आणली असली पाहिजेत. एखादा शिपाई तिकडे नोकरी करून आला, आपल्या या चिखलात त्याची बदली झाली, आणि पंपघराच्या कोपऱ्यात त्याची पिशवी हरवली. बिचाऱ्याने किती शोधली असेल.

मी पंधराही टिंबं नकाशावर घातली, शाईने. आणि इतिहास मंडळात पंधरा मेला मी यावर बोलणार आहे. पाटीसुद्धा लागली आहे, ‘पूर्वेकडून आलेला शिपाई’. बावीस वर्षांत मी मंडळात फक्त चहाचं बघितलं आहे, तेव्हा मला हसू नकोस.

म्हणून आता मला नेमकं हवं. पंपघराच्या दारापासून किती पावलं आणि कोणत्या दिशेला? एकत्र होती की विखुरलेली? किती खोल? आणि पुढची नाणी न घासता पाठव. मातीसकट. त्या मातीवर मला चार गोष्टी सांगता येतील. हे मी विनंती म्हणून लिहितेय, आणि माझ्या विनंत्या किती होतात तुला माहीत आहे.

एनिड

*

मॉर्बी फेन,
६ एप्रिल

प्रिय एनिड,

पावलं, दिशा, खोली. तुला भाऊ हवा आहे की मोजणीदार? मी यंत्र हलवतो, ते वाजतं, मी खणतो. पंपघराजवळ म्हटलं ना. तीस पावलं असतील, चाळीसही असतील. हातभर खोल. विखुरलेली.

एवढं भाषण वगैरे ठेवायची काय गरज होती? नाणी आहेत, सापडतात. शिपायाची पिशवीच असेल कशावरून? मला विचारशील तर ते भाषण पुढे ढकल. चहाचंच बघ, तुझा चहा चांगला असतो.

आठ पाठवतोय. थोडी धुतली आहेत, रागावू नकोस. चिखल फार होता.

इकडे वारा सुटलाय. परवा दुकानाचं फळकूट उडून चर्चच्या आवारात गेलं.

हेडली

*

लिंकन,
२२ एप्रिल

प्रिय हेडली,

मी हे पत्र दोनदा फाडलं आहे, हे तिसरं.

आठच्या आठ पूर्वेची. निकोमीडिया, हेराक्लिया, अँटिऑक, पुन्हा अँटिऑक. गंमत म्हणजे या वेळी मला आनंद झाला नाही. पिशवी सांडली तर नाणी सांडतात, पण एवढी आणि इतक्या ठिकाणची, आणि मध्ये आपल्याकडचं एकही नाही? त्या शेतात रोमन लोक शंभर वर्षं राहिले. त्यांच्या खिशातून ट्रियरचं एकसुद्धा पडलं नाही?

यातलं एकही मी अजून नकाशावर घातलेलं नाही. का, ते सांगते.

एक: एका नाण्यात, राजाच्या कानामागे, तुझा ब्रश पोचला नव्हता. तिथून मी काडीने मातीचा कण काढला. ती लाल आहे. विटेसारखी लाल, चिकण. मॉर्बी फेनची माती जुन्या दलदलीची, काळी असते, हेडली. आपण दोघं त्या मातीत वाढलो, आईने आपले मोजे आयुष्यभर धुतले, तिचा रंग मला सांगायला नको.

दोन: हातभर खोल म्हणतोस. तुझं यंत्र एवढंसं नाणं हातभर खालून वाजवत नाही. वीतभर खालून वाजवलं तरी तू मला आनंदाने दोन पानं लिहायचास.

तीन: गॅदरकोलचं बीट मार्चअखेर पेरून होतं. पेरलेल्या शेतात तो स्वतःच्या कुत्र्यालाही जाऊ देत नाही. मग सहा एप्रिलला तू तिथे काय खणत होतास?

ही नाणी कुठून येतात? एका ओळीत उत्तर दे. भाषणाला तीन आठवडे राहिले आहेत.

एनिड

*

मॉर्बी फेन,
२९ एप्रिल

एनिड,

तुला सगळ्यातलं सगळं कळतं, तर मला कशाला विचारतेस? शेताच्या कडेने चालतो मी. कडेला पेरत नाहीत.

माझ्यावर विश्वास नसेल तर नको ठेवूस. पण मी तुझ्या टेबलासमोर उभा असलेला पोलीस नाही.

सोबत काडेपेटीत एक ठेवलं आहे. रोमन नाही, लहान आहे, पातळ. माझ्या बंगल्यामागच्या बांधावर यंदा मोल सुटलेत, ती चिचुंद्रीसारखी बिळं करणारी जनावरं, वीत-दीड वीत खालची माती उकरून वर ढिगारे लावतात. अशाच एका ढिगाऱ्यावर बसलेलं दिसलं. घासलेलं नाही. पाण्यातसुद्धा घातलं नाही. तुला हवं होतं ना मातीसकट, घे.

हे.

*

लिंकन,
९ मे

हेडली,

मी गॅदरकोलना फोन केला. त्यांना विचारलं की माझा भाऊ हल्ली तुमच्या शेतात कुठल्या बाजूला असतो. ते म्हणाले, “हेडली? जानेवारीपासून त्याचं पाऊल नाही माझ्या शेतात.” पुढे ते आणखी काहीतरी सांगायला लागले होते, पण मी आभार मानून फोन ठेवला. मला आणखी ऐकायचं नव्हतं. मग खुर्ची ओढून नकाशासमोर बसले.

म्हणजे पंपघराचा कोपरा थाप. पावलं थाप. वारा खरा असेल कदाचित.

मी काय समजायचं ते तूच सांग. आपल्या धंद्यात नाण्याची जागा लपवणारा माणूस एकाच कारणाने लपवतो: जिथे जायला परवानगी नाही तिथे जाऊन त्याने खणलेलं असतं. अशा लोकांना मी ओळखते. ते संग्रहालयात यायचे तेव्हा जागा विचारली की त्यांची नजर खिडकीबाहेर जायची. सरकारने राखलेल्या जागांवर जाऊन, कुंपणं वाकवून, अर्धा इतिहास खिशात घालून आणणारे. त्यांना सभ्य भाषेत काय म्हणतात मला माहीत नाही. मी चोर म्हणते. माझा भाऊ त्यांतला असेल असं मला स्वप्नातही वाटलं नव्हतं.

भाषण रद्द केलं. मंडळाच्या चिटणीस बाईंना सांगितलं की घसा बसला आहे. पाटी मी स्वतः जाऊन काढली. नकाशावरची पंधरा टिंबं मी दाढीच्या पात्याने खरवडून काढतेय, एकेक करून. शाई कागदात मुरली आहे. उजेडासमोर धरलं की पंधरा जागी कागद पातळ दिसतो. अठरा वर्षांत त्या नकाशावर एकही खाडाखोड नव्हती. ऑक्टोबरात दफ्तरातला माणूस विचारेल, “इथे काय होतं?” तर मी काय सांगू?

पाकिटं पाठवणं बंद कर. काडेपेटी मी उघडलेली नाही. खिडकीत ठेवली आहे, तिथेच राहील.

एनिड

*

मॉर्बी फेन,
२० मे

प्रिय एनिड,

चोर म्हणालीस ते लागलं. लबाड म्हण, तो मी आहे.

सांगतो. एकोणीस जानेवारीला, रविवारी, गॅदरकोलच्या शेतातून परत येताना मी पाटाच्या बांधावरून घसरलो. बर्फ होतं. खाली पाण्याच्या कडेला दोन तास पडून होतो, मग त्याच्या ट्रॅक्टरवाल्याने पाहिलं. कमरेजवळचं हाड मोडलं. त्यात खिळा घातला आहे, इस्पितळात अकरा दिवस होतो. तुला सर्दी लिहिली. आता मी काठीने चालतो, बंगल्यापासून बांधापर्यंत चाळीस पावलं, मग दम खातो, मग चाळीस परत. वाकायचं नाही, गुडघ्यावर बसायचं नाही, फावडं धरायचं नाही. डॉक्टरीण माझ्या नातवंडाच्या वयाची आहे आणि तुझ्यासारखी बोलते.

हे तुला का सांगितलं नाही, तर तू दुसऱ्या दिवशी फ्लॅटच्या किल्ल्या घेऊन दारात आली असतीस. हे एक कारण. ते छोटं.

यंत्र फेब्रुवारीत विकलं. कोपऱ्यात उभं असलेलं बघवत नव्हतं. स्पॉल्डिंगच्या रविवारच्या बाजारात एकाने घेतलं, आणि त्याच्याच शेजारच्या टेबलावर बादलीभर तांब्याची नाणी होती, न धुतलेली, लाल चिखलाने माखलेली. बाल्कनमधून पोत्यांनी येतात म्हणाला, लोक घरी नेऊन साफ करतात, कोड्यासारखं. मी पन्नासांची पिशवी घेतली. तुला पाठवलेली सगळी त्यातली. पहिल्या सहापासून. इतकं घासलं ते लाल माती जावी म्हणून. त्या नाण्यांच्या बाबतीत तू घासण्यावरून जेवढी बोललीस तेवढं माझ्या मनाला बरं वाटायचं, कारण तुला संशय आला नाही असं कळायचं. टांकसाळीची अक्षरं मी वाचू शकलो असतो तर अँटिऑकची बाजूला काढली असती. मला ती किड्यांसारखी दिसतात. चार वर्षांत मी एवढंही शिकलो नाही.

नकाशाचा मी विचारच केला नाही. खरं सांगतो. तू भाषणाचं लिहिलंस तेव्हा घाम फुटला, पण तोवर फार उशीर झाला होता, आणि मग मी आणखी आठ पाठवली, कारण न पाठवली असती तर तू विचारलं असतंस का नाही पाठवली.

आता मोठं कारण. आई गेली तेव्हापासून नऊ वर्षं तू मला पत्र लिहिलं नाहीस. नाताळचं कार्ड यायचं, आत छापलेलं आणि खाली नाव. मी अंत्यविधीला बीटाच्या शेतातल्या चिखलाच्या बुटांनी आलो, अर्धा तास उशिरा, तू बघितलंस आणि तोंड फिरवलंस, आणि ते नऊ वर्षं फिरलेलंच राहिलं. मग मला ते पहिलं नाणं सापडलं. ते मी तुला पाठवलं, कारण नाणी ओळखणारं दुसरं कुणी मला माहीत नव्हतं. आणि तू चार पानं लिहिलीस. चार पानं, एनिड. त्यांतली दीड मला झापण्यात, तरी चार. तेव्हापासूनची तुझी सगळी पत्रं माझ्या खणात आहेत, एकशे बारा. मी मोजली परवा, दुसरं काही काम नव्हतं.

इस्पितळात पडल्या पडल्या मी हाच विचार केला की नाणी संपली तर ही मला कशाबद्दल लिहील?

झालं. काडेपेटीतलं खरं आहे. ते खरंच बांधावर मिळालं, काठीने उचललं, वाकता येत नाही म्हणून. पण आता मी सांगून तू का विश्वास ठेवशील.

हेडली

*

लिंकन,
१ जून

प्रिय हेडली,

उत्तराला बारा दिवस लागले. मध्ये एक पोस्टकार्ड टाकता आलं असतं. आलं असतं, पण मी रागात होते, आणि दुसरं कारण पुढे येईल.

आधी हाडाचं. कमरेचं हाड मोडतं आणि तू बहिणीला सर्दी लिहितोस. दोन तास बर्फात. गॅदरकोल फोनवर पुढे काय सांगणार होते ते आता कळलं, आणि मी ऐकायच्या आत फोन ठेवला. मी त्यांना परत फोन केला. तुला तिसऱ्या दिवशी इस्पितळात ताप चढला होता आणि तू बडबडत होतास, हे तू पत्रात लिहिलेलं नाहीस. लिहायला विसरलास असं मी धरून चालते. चोर शब्द मी मागे घेते. लबाड राहू दे.

नकाशाबद्दल मी तुला इतक्यात माफ करणार नाही. पंधरा जागी कागद खरवडला गेला आहे, हात लावला की खरखरीत लागतो. भिंतीवर नकाशा समोर असतो आणि चहा पिताना माझी नजर तिथेच जाते. कडेला मी टीप लिहिली आहे, ‘या पंधरा नोंदी चुकीच्या माहितीवरून झाल्या, नोंदणाऱ्याने काढल्या’. नोंदणारी मी, तेव्हा चूक माझ्याच नावावर जाणार. मिशीत हसू नकोस, तुला मिशी नसली तरी.

आता काडेपेटी. तुझं पत्र वाचलं आणि मी ती खिडकीतून उचलली. उघडली तर आत मातीचा गोळा, त्यातून तांब्याची कड डोकावत होती. तू ते खरोखरच घासलेलं नव्हतंस. चार वर्षांत मी तुला दिलेल्या सूचनांपैकी ही पहिली तू पाळलीस. माती काळी. मी ती बोटांत चुरली, ओली केली, वास घेतला. पाटाच्या कडेची, कुजक्या लव्हाळ्याच्या वासाची. ही माती स्पॉल्डिंगच्या कुठल्याही बादलीत मिळत नाही. मग ते मी शुद्ध पाण्यात घातलं, आणि आठवडाभर त्याच्याकडे बघण्यापलीकडे काहीही केलं नाही. तुला हे जमलं असतं का? म्हणून उशीर झाला.

काल काडीने माती काढली. ते राजाचं नाणं नाही, दुकानदाराचं आहे. साडेतीनशे वर्षांपूर्वी सुट्ट्या पैशांची टंचाई होती तेव्हा बेकर, खाटीक, खानावळवाले आपापल्या नावाचे असे तांब्याचे तुकडे पाडून गिऱ्हाइकांना देत. एका बाजूला कणसांची पेंढी, म्हणजे बेकरची खूण, आणि गोल फिरणारी अक्षरं: थॉमस केम. दुसऱ्या बाजूला: मॉर्बी, १६६७. मध्ये तीन अक्षरं, वर आडनावाचं, खाली नवरा-बायकोची. थॉमसचा टी आणि बायकोचा ई. ती कोण होती ते आपल्याला कळणार नाही, एनिड नव्हती एवढं नक्की. मॉर्बीतल्या कुणा दुकानदाराचं असं नाणं मी पाहिलेलं नाही, माझ्याकडच्या एकाही पुस्तकात ते नाही. आपल्या गावात बेकर होता, त्याचं नाव कळलं, आणि ते एका मोलाने आणि एका लंगड्या माणसाने काठीने उचललं. हे तू ब्राउन सॉसमध्ये घातलं असतंस तर बेकर गेला होता.

तू विचारतोस की मी का विश्वास ठेवीन. तुझ्यावर ठेवत नाही. त्या मातीवर ठेवते. बंगल्यामागच्या बांधावर मी एक टिंब घातलं आहे, शाईने. बाजूला लिहिलं: ‘हेडली सोअटर, मोलाच्या ढिगाऱ्यावर, यंत्राशिवाय’. दफ्तरवाल्यांनी पंधरा खरखरीत जागांबद्दल विचारलंच तर मी त्यांना हे टिंब दाखवीन.

शनिवारी सकाळच्या बसने येतेय. किल्ल्या आणणार नाही. मला ती चाळीस पावलं बघायची आहेत आणि ते ढिगारेही, मोल काही एकच नाणं वर काढून थांबत नसतात. पिशवीतली उरलेली सत्तावीस नाणी फेकू नकोस. शुद्ध पाण्याचा कॅन आणि काड्यांची पुडी घेऊन येते, ती तू माझ्यासमोर साफ करशील, महिन्याला एक, आणि टांकसाळीची अक्षरं वाचायला शिकशील. डब्यावर ‘स्पॉल्डिंगचा बाजार’ असं लिहायचं, मोठ्या अक्षरांत.

आईच्या अंत्यविधीबद्दल. तू आलास तेव्हा तुझ्या बुटांना चिखल होता आणि मी फक्त बूट पाहिले. साखर कारखान्याची बीट न्यायची गाडी त्या सकाळी उशिरा आली होती आणि बीट तसंच टाकून तू आलास, हे मला नंतर कळलं होतं. दोन महिन्यांनी. तरी मी लिहिलं नाही. ती नऊ वर्षं माझी चूक होती. अर्धी तरी.

आता शेवटचं. तुझं हे पाकीट मी नेहमीसारखं कात्रीने उघडलं. पत्र काढलं आणि सवयीने पाकीट उलटं करून टेबलावर झटकलं. काही पडलं नाही. बोट घालून पाहिलं, पुन्हा झटकलं. चार वर्षांत तुझं बिननाण्याचं हे पहिलं पत्र. ओळखायला त्यात काहीही नव्हतं, झापायला होतं, पण तेही संपलं. आणि हे पान पाचवं आहे, हेडली. मोजून घे.

तुझी,
एनिड